तलावकाठचे सायकल ट्रॅक आणि पाणथळीतले जीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवई तलावाभोवती सायकल आणि जॉगिंग ट्रॅक बांधण्याचं मुंबई महापालिकेचं काम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी बेकायदा ठरवलं. झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेशही दिला. तेव्हापासून राज्यात कुठेही तळ्याकाठी, खाडीकाठी किंवा टेकडीवर सायकल ट्रॅकची घोषणा झाली की सायकल गट, सोसायट्या, नगरसेवक, प्रभाग कार्यालयातले अभियंते, पक्षिनिरीक्षक असे सगळे जवळपास तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आमचं मत आधीच सांगून ठेवतो: शहरात सायकलला सुरक्षित जागा मिळालीच पाहिजे, आणि ती रस्त्यातून काढून दिली पाहिजे. पाण्याचा काठ त्यासाठी मोकळा पडलेला नाही.

सायकल धूर सोडत नाही, भोंगा वाजवत नाही. मग तिच्या ट्रॅकला पर्यावरणाच्या नावाने विरोध कशासाठी?

सायकलचा त्रास फारच थोडा. खरा त्रास ट्रॅक बांधताना होतो, आणि बांधून झाल्यावर त्याच्या मागोमाग जे येतं त्याचा होतो: दिवे, कुंपण, बाकडी, खाऊच्या गाड्या, मोकाट कुत्री.

हिशोब करून बघा. दोन्ही दिशांनी सायकली जाणार असतील तर ट्रॅकला किमान ३ मीटर रुंदी लागते. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर बाजूपट्टी धरली की झाले ४ मीटर. काठ सखल असल्याने दीड मीटर भराव घालायचा ठरला, तर १:१.५ उताराने प्रत्येक बाजूला सव्वादोन मीटर पाया पसरतो. म्हणजे साडेआठ मीटर. शिवाय डंपर आणि पोकलेन फिरायला साडेतीन मीटरची तात्पुरती वाट. एकूण १२ मीटर. दहा किलोमीटर लांबीला हे १२ हेक्टर भरतं. कागदावर मात्र ‘३ मीटर रुंदीचा ट्रॅक’ एवढंच लिहिलेलं असतं.

पवई तलावाचं क्षेत्र सुमारे २१० हेक्टर. त्यातले १२ हेक्टर कमी वाटतील, पण ते सगळे काठाचे आहेत. अंडी घालणं, ऊन खाणं, चिखलात चोच खुपसून किडे शोधणं, पाणकणसात घरटं बांधणं, ही सगळी कामं त्याच पट्ट्यात चालतात. तलावाच्या मधल्या खोल पाण्यात यातलं काहीच होत नाही.

पवईचा तलाव तर इंग्रजांनी बांधलेला आहे. मानवनिर्मित तलावाला पाणथळीचं संरक्षण कसं मिळालं?

हा प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेक नगरपालिका याच मुद्द्यावर अडून बसतात. तलाव १८९० च्या सुमारास पूर्ण झाला, तो मुंबईला पिण्याचं पाणी द्यायला. पुढे पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. केंद्राच्या पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २०१७ मध्ये पाणथळीची जी व्याख्या आहे, तिच्यातून खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय आणि सिंचन, करमणूक, मत्स्यशेती किंवा मिठागरासाठी बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. नुसती व्याख्या वाचली तर पवई बाहेर राहते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने उपग्रह चित्रांवरून देशातल्या पाणथळींचा नकाशासंग्रह तयार केला. त्यातल्या सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना २०१० च्या नियमांतल्या चौथ्या नियमाच्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. पवईचं नाव त्या संग्रहात आहे. म्हणून तुमच्या गावच्या तळ्याबद्दल पहिला प्रश्न ‘कोणी बांधलं?’ हा नसावा, ‘नकाशासंग्रहात आहे का?’ हा असावा. २०२१ च्या नव्या संग्रहात ही संख्या २,३१,१९५ झाली आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना या पाणथळी जागेवर जाऊन पडताळण्याचे आणि त्यांच्या हद्दी आखण्याचे आदेश दिले. तुमच्या जिल्ह्यातली आखणी झाली आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारता येतं.

महाराष्ट्रातल्या नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी, तसंच गोव्यातल्या नंदा तळ्याला रामसर दर्जा आहे, म्हणजे पाणथळींसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत त्यांची नावं आहेत. रामसर स्थळांना २०१७ चे नियम थेट लागू होतात.

‘५० मीटर’ नेमके कुठून मोजायचे?

२०१७ च्या नियमांतल्या नियम ४ मध्ये पाणथळीत काय करायचं नाही याची यादी आहे. त्यातलं सहावं कलम ट्रॅकला लागू पडतं: गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूर पातळीपासून ५० मीटरच्या आत बोटीचे धक्के सोडून कुठलंही कायम स्वरूपाचं बांधकाम करता येत नाही. दहा वर्षं मोजायची ती नियम लागू झाल्यापासून मागे. २०१७ चे नियम २६ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहेत.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मे महिन्यात पाणी आटलेलं असताना कोणीतरी टेप घेऊन जातं, पाण्याच्या कडेपासून ५० मीटर मोजतं आणि तिथे चुन्याची रेघ मारतं. ती रेघ चुकीची असते. बरोबर पद्धत अशी:

१. पाटबंधारे किंवा जलअभियंता खात्याकडून त्या दहा वर्षांच्या, प्रत्येक वर्षीच्या सर्वोच्च पाणीपातळीच्या नोंदी घ्या. तलावाला सांडवा असेल तर सांडव्याच्या माथ्याची पातळीही घ्या. दरवर्षी सांडवा वाहत असेल तर सरासरी त्या पातळीच्या खाली येऊच शकत नाही.
२. दहा आकड्यांची सरासरी काढा.
३. जवळच्या बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेली पक्की खूण) ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशन ही मोजणीची यंत्रं लावून ती पातळी तलावाभोवती जमिनीवर उतरवा. दर २५ मीटरला खुंटी ठोका, आणि जिथे नाला येऊन मिळतो तिथे दर १० मीटरला.
४. त्या खुंट्यांच्या रेषेपासून ५० मीटर आडव्या अंतरात मोजा, उताराच्या अंगाने नाही.

काठाचा उतार १:२० असेल तर पातळीतला एका मीटरचा फरक जमिनीवर २० मीटर होतो. म्हणूनच सपाट काठाच्या तळ्यांवर चुकीची रेघ थेट पाण्यात जाते.

गॅबियन वापरलं तर पाणी आरपार जातं. मग ते ‘कायमचं बांधकाम’ कसं?

पवईत हाच मुद्दा मांडला गेला होता. गॅबियन म्हणजे जस्त चढवलेल्या तारेच्या जाळीची पेटी. सहसा २ × १ × १ मीटर मापाची, आणि आत १०० ते २५० मिलिमीटरचे दगड. सिमेंट नसतं, म्हणून पाणी झिरपतं. घाटरस्त्याची दरड धरायला किंवा ओढ्याचा कापला जाणारा काठ सावरायला हे फार उपयोगी तंत्र आहे. त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही.

पण तलावकाठी पाणी झिरपलं की सगळं झालं, असं होत नाही. दोन घनमीटरच्या एका पेटीत साडेतीन टनांच्या आसपास दगड बसतो, आणि अशा पेट्या शेजारीशेजारी तारेने शिवून वर मुरूम दाबला जातो. कोणी ती उचलून पुन्हा नेणार नसतं. जिथे चिखलाचा सौम्य उतार होता तिथे एक मीटरची उभी दगडी पायरी तयार होते. कासव आणि मगरीची पिल्लं ती चढू शकत नाहीत. पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या मुळांना दगडात आधार मिळत नाही, आणि ते गेले की जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, टिबुकली यांची घरटी जातात. दोन-तीन पावसाळ्यांत दगडांमधल्या फटी गाळाने भरतात आणि ज्या झिरपण्याचं कौतुक होतं तेही मंदावतं. पाण्याच्या रेषेवर, जिथे तार आळीपाळीने ओली आणि कोरडी होते, तिथे जस्त आधी उडतं. मग तुटलेली टोकं काठावर बाहेर येतात.

शिवाय दगड आणायला वाट करावी लागते. ती मुरूम टाकून, थेट तलावाच्या पात्रात केली जाते. गॅबियनबद्दल वाद घालताना या वाटेचा विचारच होत नाही, आणि काठाची पहिली नासाडी तिच्यामुळेच झालेली असते.

मगरींना काठ कशाला लागतो? त्या तर पाण्यात राहतात.

पवईतली मगर म्हणजे गोड्या पाण्यातली मगर. सावित्री आणि वाशिष्ठी नदीत दिसते तीच. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे.

तिला काठ तीन कारणांसाठी लागतो. पहिलं, ऊन. शरीराचं तापमान बाहेरून मिळवणारा प्राणी आहे. थंडीच्या सकाळी ती तासन्‌तास उतारावर पडून असते. दुसरं, बीळ. कडक उन्हाळ्यात आणि पाणी आटल्यावर ती मातीच्या काठात लांब बिळं करून आत राहते. तिसरं, अंडी. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी पाण्यापासून थोड्या वरच्या, बुडणार नाही अशा मऊ उतारावर खड्डा खणते, साधारण २५ ते ३० अंडी घालते आणि माती सारून ठेवते. ५५ ते ७५ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या तापमानावर ठरतं. त्यामुळे घरट्यावर सावली पडली, वर फरशी आली किंवा माती दाबली गेली तर नुकसान दिसत नाही, पण होतं. पिल्लांचे आवाज ऐकून मादी खड्डा उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. घरटं आणि पाणी यांच्या मध्ये जाळीचं कुंपण उभं असेल तर हा शेवटचा टप्पाच अडतो.

कायद्याचा एक बारकावा अभियंत्यांना सहसा माहीत नसतो. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची आणि पक्ष्यांची अंडी नष्ट करणं तर येतंच, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणंही येतं. पोकलेन चालवणाऱ्याला घरटं दिसलं नाही, ही सबब तिथे पुरी पडत नाही.

आणि सायकलस्वारांना मगरीचा धोका?

जमिनीवर मगर माणसाच्या मागे धावत नाही. चाहूल लागली की पाण्यात सरकते. घरट्यावरची मादी मात्र जागा सोडत नाही. म्हणून फेब्रुवारी ते जूनमध्ये काठालगत लोकांची वर्दळ आणणं दोघांनाही बाधक आहे. आणि एखादा अपघात झाला की मागणी मगरी हलवण्याची होते, ट्रॅक हलवण्याची कोणी करत नाही.

पक्ष्यांची आणि मगरींची वीण टाळून काम केलं तर?

अभियंत्यांना काठावर काम करायला फेब्रुवारी ते मे हवे असतात: पाणी खाली, जमीन कोरडी, मार्चअखेर बिलं काढायची घाई. नेमके हेच महिने मगरीच्या अंड्यांचे. टिटवी मार्चपासून उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. जून ते सप्टेंबर पावसाळा, आणि पाणकोंबडी, कमळपक्षी, अडई यांची वीण. ऑक्टोबर ते मार्च स्थलांतरित बदकं आणि तुतवारांसारखे चिखलपक्षी.

म्हणजे मगरी आणि स्थलांतरित पक्षी दोन्ही असलेल्या तलावावर मोकळा महिना एकही नाही. दुरुस्ती अगदीच अटळ असेल (फुटलेला बांध, तुंबलेला नाला) तर त्यातल्या त्यात ऑक्टोबर अखेर ते जानेवारी मध्य या काळात, एका वेळी २०० मीटरचाच तुकडा घेऊन, जमिनीच्या बाजूने, माणसांच्या हातांनी काम करावं. नवा ट्रॅक अटळ या प्रकारात मोडत नाही.

ट्रॅक झाला की लोक येतील, मग कचरा आणि अतिक्रमण थांबेल ना?

असं प्रत्येक सादरीकरणात सांगितलं जातं. पवईचं मोठं दुखणं म्हणजे नाल्यांतून येणारा मैला आणि त्यावर पोसलेली जलपर्णी. त्यावर इलाज एकच: नाला तलावाला मिळण्याआधी मलवाहिनी टाकून तो वळवणं आणि प्रक्रिया केंद्रात नेणं. सायकल ट्रॅकने मैल्याचा एक थेंब कमी होत नाही. उलट नाल्यांच्या तोंडाशी पाइप टाकून त्यावरून ट्रॅक नेला, तर पाइप तुंबून पावसाळ्यात पाणी मागे वस्तीत शिरतं.

अतिक्रमण थांबवायला हद्दीचे दगड, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नोंद आणि दोन सुरक्षारक्षक लागतात. दहा किलोमीटरचा भराव लागत नाही.

खांबांवर उचललेला लाकडी ट्रॅक चालेल का?

भरावापेक्षा बरा, पण ५० मीटरच्या आत खांबांवरचं कायम बांधकामही बांधकामच. मर्यादेबाहेर, ओलसर जमिनीवरून न्यायचाच असेल तर जमिनीपासूनची उंची ट्रॅकच्या रुंदीपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर खाली ऊन पोचत नाही आणि गवत मरतं. फळ्यांमध्ये १० ते १२ मिलिमीटर फट ठेवा, आणि ती सायकलच्या दिशेला आडवी असू द्या; दिशेला समांतर फटीत बारीक चाक अडकतं. पावसाळ्यात लाकडावर शेवाळ धरतं आणि वळणावर सायकली घसरतात. देखभालीचा खर्च आधी धरा.

दिवे कसे असावेत?

पाण्याकडे एकही नको. काठावरच्या पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो. त्यावर किडे गोळा होतात आणि पाण्यावरून ते टिपणाऱ्या वटवाघळांची शिकारीची जागा बिघडते. मगरही रात्रीच शिकार करते. रस्त्यालगतच्या ट्रॅकवर लावायचेच असतील तर २७०० केल्विनपेक्षा पिवळसर, कमरेइतक्या उंचीचे, पाण्याकडची बाजू पत्र्याने पूर्ण झाकलेले आणि हालचाल ओळखून लागणारे घ्या. रात्री दहानंतर बंद. निविदेत ‘सुशोभीकरण’ या नावाखाली झाडांना गुंडाळायच्या रंगीत माळा असतात, त्या आधी कापून टाका.

प्रकल्पाआधी प्राण्या-पक्ष्यांची पाहणी किती आणि कशी करायची?

किमान एक पूर्ण वर्ष. हिवाळ्यातल्या दोन रविवारी दुर्बीण घेऊन फिरून केलेली यादी पाहणी म्हणून चालत नाही.

पक्ष्यांसाठी काठावर दर २०० मीटरला ठरलेली जागा, प्रत्येक जागी १० मिनिटं, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, महिन्यातून दोनदा. नुसतं नाव आणि संख्या पुरत नाही. पक्षी काय करतोय तेही लिहा: खातोय, घरट्यात बसलाय, की नुसता वरून गेला. ट्रॅकच्या दृष्टीने घरट्याच्या एका नोंदीचं मोल उडत्या शंभर पक्ष्यांपेक्षा जास्त आहे. किती अंतरावर माणूस आला की पक्षी उठतो, हेही मोजा: एका चालीने सरळ चालत जायचं आणि तो उठला तेव्हा आपण जिथे होतो तिथून त्याच्या जागेपर्यंतचं अंतर पावलांनी धरायचं. एका थव्यावर दिवसात एकदाच, आणि घरट्याजवळ कधीच नाही.

मगरींची गणती थंडीच्या सकाळी, ऊन खायला आलेल्या असताना. रात्री टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरला की लालसर डोळे चमकतात, पण ते काम वनखात्याच्या परवानगीने आणि त्यांच्याच माणसांबरोबर. चिखलात शेपटीची घसट आणि दोन्ही बाजूंना पंजे उमटलेले दिसले तर जागेचा फोटो आणि अक्षांश-रेखांश घ्या. घरट्याचा संशय असलेल्या मातीत काठी खुपसून बघू नका.

मग ट्रॅक करायचा तरी कुठे?

जिथे डांबर आधीच आहे तिथे. रस्त्याच्या कडेला समांतर पार्किंगची अडीच मीटर पट्टी काढली की २ मीटरचा एकदिशा ट्रॅक आणि अर्ध्या मीटरचा दुभाजक सरळ बसतो. भराव नाही, झाडतोड नाही. गाड्यांच्या साडेतीन मीटरच्या मार्गिका सव्वातीनवर आणल्या तर चार मार्गिकांच्या रस्त्यावर आणखी एक मीटर सुटतो. दुभाजक नुसत्या रंगाच्या पट्ट्याचा ठेवू नका. आठवड्यात तिथे रिक्षा उभ्या राहतात. १५ ते २० सेंटीमीटर उंच कर्ब घाला, पाणी जायला दर ३ ते ५ मीटरला फट ठेवा, आणि बस थांब्यावर ट्रॅक थांब्याच्या मागून न्या.

पवईत तलावाला लागून आदि शंकराचार्य मार्ग आहे. तिथे वाहतूक प्रचंड आहे हे खरं, पण सायकलस्वाराला रोज कामावर जायला तोच रस्ता लागतो. तलावाभोवती गोल फिरणाऱ्या ट्रॅकवरून कोणी ऑफिसला पोचत नाही. मुंबईतच तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पट्ट्यात सायकल ट्रॅकची योजना आली. जिथे जमीन आधीच साफ झालेली आहे आणि मार्ग उपनगरांना जोडतो, अशी ती जागा आहे, आणि तत्त्व म्हणून ती निवड आम्हाला योग्य वाटते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सायकली भाड्याने मिळतात आणि लोक आहे त्याच डांबरी रस्त्याने कान्हेरीकडे जातात. त्यासाठी जंगलात नवी वाट पाडावी लागलेली नाही.

पार्किंग काढणं राजकीयदृष्ट्या अवघड असतं. गाडीवाले नगरसेवकाच्या घरी जातात, मगरी जात नाहीत. म्हणून सायकल गटांनी इथे जोर लावायला हवा.

टेकड्यांवर मातीच्या वाटांनी सायकल चालवली तर चालेल ना? तिथे बांधकाम नसतं.

पुण्यासारख्या शहरांच्या टेकड्यांवर अडचण वेगळी असते. तिथलं मूळ रूप म्हणजे गवताळ, खुरटी झुडपं, उघडा मुरूम. रातवा तिथे पाचोळ्यात, घरटं न बांधता, जमिनीवरच अंडी घालतो. नवी आडवाट पडली की चाक थेट त्यावरून जातं.

आधीच्या पायवाटेवरच चालवा. वाट सुधारायची झाल्यास रुंदी ६० ते ९० सेंटीमीटर पुरे. वाटेचा चढ टेकडीच्या बाजूउताराच्या निम्म्याहून कमी ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी वाटेलाच ओहोळ समजून धावतं. उताराच्या बाजूला ५ टक्के कल द्या आणि दर १५-२० मीटरला छोटा उलट चढ ठेवा, म्हणजे पाणी तिथे बाहेर पडतं. ओल्या मातीत चाक दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त रुतत असेल तर परत फिरा. ती चाकोरी वाळली की पुढच्या पावसात तिची घळ होते. शॉर्टकटच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाका, दोन्ही टोकांना. एकाच टोकाला टाकल्या तर लोक दुसऱ्या बाजूने येतात.

खाडीकाठी?

कांदळवनात तर विषयच नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनांची तोड आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातलं बांधकाम रोखलं आहे. शिवाय किनारा नियमन क्षेत्राची परवानगी वेगळी.

‘या प्रकल्पाला पर्यावरण परवानगी लागतच नाही’ असं अधिकारी सांगतात. ते खरं आहे का?

अर्धं खरं. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखाली सायकल ट्रॅकला पर्यावरणीय मंजुरी सहसा लागत नाही. पण पाणथळ नियम, वन्यजीव कायदा, वनजमीन असेल तर वन संवर्धन कायदा, झाडं तोडायची असतील तर १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा, हे सगळे स्वतंत्रपणे लागू असतात. एकाची गरज नाही म्हणून बाकीचे गळून पडत नाहीत. लेखी उत्तर मागा.

बांधकाम काढल्यावर काठ पूर्ववत कसा करायचा?

घाईने नाही. आधी दगड आणि जाळी, मग मुरूम. सगळं जमिनीच्या बाजूने ओढा; पात्रात नवी वाट करू नका. जाळी कापताना तुटलेल्या तारेचे तुकडे मातीत राहतात, ते हाताने वेचावे लागतात. मुरूम कुठपर्यंत काढायचा ते रंगावरून कळतं: भराव तांबडा किंवा पिवळसर, खाली तलावाची मूळ माती काळी-करडी आणि गाळाचा वास असलेली. दर २० मीटरला एक खड्डा घेऊन तांबडी माती संपते ती खोली मोजा, आणि तेवढंच काढा. मशीनवाल्याला तसंच सोडलं तर तो मूळ मातीही उचलतो.

यंत्रांखाली दबलेली माती ३० सेंटीमीटरपर्यंत काट्याने सैल करा. उतार १:४ ते १:६. पाण्याच्या कडेला, ३० सेंटीमीटरपर्यंतच्या उथळ पाण्यात, त्याच तलावातल्या पाणकणसाची कंदमुळं चौरस मीटरला एक या हिशोबाने लावा. बाकी जागा मोकळी ठेवा. लॉन नको, गुलमोहराच्या रांगा नकोत, ‘एक हजार झाडांचा संकल्प’ तर नकोच, कारण मगरीला उघडा उतार लागतो.

उकरलेल्या मातीत पहिल्या पावसानंतर बेशरम, घाणेरी आणि सुबाभूळ आधी येतात. फुलायच्या आत मुळासकट उपटा. तीन वर्षं, वर्षातून दोनदा. ठेकेदाराच्या करारात ही तीन वर्षं लिहून घेतली नाहीत तर पहिल्या वर्षानंतर कोणी येत नाही.

आमच्या तळ्यावर मुरूम पडायला सुरुवात झाली आहे. आज काय करायचं?

फोटो काढा: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश उमटतील असे. प्रत्येक फोटोत न हलणारी एक खूण असू द्या, खांब, मंदिर किंवा इमारत. रोज त्याच जागेवरून पुन्हा काढा.

लेखी तक्रार जिल्हाधिकारी, पालिका आयुक्त, वनखातं आणि पाणथळ तक्रार निवारण समिती यांना एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या. कोकणात ही समिती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली आहे.

माहिती अधिकारात मागा: कार्यादेश, नकाशा, अंदाजपत्रकातली भरावाची परिमाणं, दहा वर्षांच्या पाणीपातळीच्या नोंदी, पाणथळ प्राधिकरण आणि वनखात्याचं मत. महाराष्ट्रात एका अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, म्हणून हे वेगवेगळ्या अर्जांत लिहा. प्रत्येकाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. उत्तराला ३० दिवस मिळतात. कामाची जागेवर पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. मुरूम किती जाडीचा टाकला ते बघायला तो वापरा.

न्यायालयात जायची वेळ आली तर मंच नीट निवडा. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाकडे पाणथळ नियमांचा भंग नेता येतो, कारण ते नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे आहेत. वन्यजीव कायदा न्यायाधिकरणाच्या यादीत नाही. तक्रारीचा गाभा मगरीचं घरटं असेल तर उच्च न्यायालय. न्यायाधिकरणाकडे वाद नेण्याची मुदत कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, आणि सबळ कारण दाखवलं तर आणखी फार तर ६० दिवस. पहिला डंपर कोणत्या तारखेला रिकामा झाला ते लिहून ठेवा, कारण मोजणी तिथून सुरू होते.